पिशवी म्हणजे कोणती पिशवी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चचा तिसरा मंगळवार हा जागतिक समाजकार्य दिन. आपल्या पेपरात त्याची चार ओळींची बातमी आली होती, फोटोत बॅनर होता आणि बॅनरसमोर आमच्यासारखे प्राध्यापक उभे होते. बातमीबद्दल तक्रार नाही, आली हेच पुष्कळ. पण त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये जे घडलं ते बातमीत नव्हतं म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, आधीच माफी मागतो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका समाजकार्य महाविद्यालयात बावीस वर्षं शिकवतोय, त्यातली पहिली नऊ तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे (ज्यांना सीएचबी म्हणजे काय ते माहितीय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही). तर त्या दिवशी एका बाहेरच्या संस्थेचा ऑनलाइन वेबिनार आम्ही प्रोजेक्टरवर लावला. विषय होता आंतरराष्ट्रीय समाजकार्य शिक्षणातलं इन्क्लुझिव्ह लीडरशिप, म्हणजे सगळ्यांना सोबत घेऊन चालणारं नेतृत्व. चांगला विषय, वक्ते चांगले, तीन खंडांतून जोडलेले. दीड तास सगळं इंग्रजीत. आमची साठेक पोरं पोरी खाली बसून ऐकतायत, निम्म्यांना निम्मं कळतंय. शेवटी प्रश्नोत्तरं आली तेव्हा एका पोरीने हिंमत करून चॅटमध्ये मराठीत प्रश्न टाकला, तर तिकडून उत्तर आलं, प्लीज टाइप इन इंग्लिश. तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "सर तुम्हीच टाका." मी टाकेपर्यंत वेळ संपली, आभारप्रदर्शन सुरू झालं.

कोणाची वाईट नियत नव्हती हे मला पक्कं माहितीय, म्हणूनच लिहितोय. वाईट नियतीच्या माणसाशी भांडता तरी येतं.

आता थोडं मागे जातो, कारण नेतृत्वाचा हा विषय आमच्या क्षेत्रात आजचा नाही. 1928 साली पॅरिसला समाजकार्याची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, 42 देशांतले लोक आले होते, आणि तिथल्याच चर्चेतून पुढच्या वर्षी समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, जिला आता आयएएसएसडब्ल्यू म्हणतात. पहिल्या अध्यक्ष एक बाई होत्या, जर्मनीच्या अॅलिस सॉलोमन. बर्लिनमध्ये 1908 ला त्यांनी बायकांसाठी समाजकार्याची शाळा काढली होती, आणि त्याच्या दोन वर्षं आधी डॉक्टरेट केली ती पुरुष आणि बायकांना एकाच कामाचा वेगवेगळा पगार का मिळतो या विषयावर. शंभर वर्षांपूर्वी! आमच्या शेतात आजही बाईची रोजंदारी आणि गड्याची रोजंदारी वेगळी आहे ते सोडा.

या बाईंचं पुढे काय झालं ते मी दरवर्षी वर्गात सांगतो. जन्म ज्यू घरातला, स्वतः ख्रिश्चन झालेल्या होत्या तरी नाझींना त्याचं काय, रक्त बघायचं त्यांना. सगळी पदं काढून घेतली आणि 1937 ला देशच सोडायला लावला, न्यूयॉर्कला गेल्या आणि 1948 ला तिकडेच वारल्या. म्हणजे ज्या संघटनेच्या वेबिनारांत आपण इन्क्लुझिव्ह इन्क्लुझिव्ह करतो तिच्या पहिल्या अध्यक्षालाच तिच्या देशाने बाहेर काढलं होतं. आज बर्लिनच्या त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे.

त्यानंतर काय, तर 1929 पासून 2004 पर्यंत, मोजून पंचाहत्तर वर्षं, त्या खुर्चीवर जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा याच बाजूची माणसं. सगळी मोठीच माणसं होती, कामही मोठं केलं, पण जगभरच्या कॉलेजांची संघटना आणि अध्यक्ष दोनच खंडांतले. 2004 ला इथिओपियाचे अबे तासे अध्यक्ष झाले, आफ्रिकेतले पहिले. 2008 ला हाँगकाँगच्या अँजेलिना युएन. आणि 2012 ते 2016 आपल्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या विमला नाडकर्णी मॅडम. ही गोष्ट मराठी पेपरात तेव्हा किती आली होती मला आठवत नाही, मी मात्र कॉलेजात पेढे वाटले होते, आणि आमचे शिपाई मामा विचारत होते की सर तुमची बदली झाली का.

खुर्चीवर कोण बसतं याने फरक पडत नाही असं म्हणणारे असतात, मला ते पटत नाही. फरक पडतो. 2014 ला मेलबर्नला समाजकार्याची नवी जागतिक व्याख्या मंजूर झाली. आधीची व्याख्या बऱ्याच जणांना फार एकट्यादुकट्या माणसाभोवती फिरणारी वाटायची, माणसाचे प्रॉब्लेम सोडवा, त्याला सक्षम करा वगैरे. नव्या व्याख्येत सामूहिक जबाबदारी आली, विविधतेचा आदर आला, आणि पुस्तकी सिद्धांतांच्या बरोबरीने त्या त्या भूमीतल्या मूळ लोकांचं ज्ञान हाही समाजकार्याचा पाया आहे असं स्पष्ट लिहिलं गेलं. शिवाय देशांनी आणि प्रदेशांनी आपापल्या परिस्थितीप्रमाणे त्यात भर घालावी अशी मोकळीक ठेवली. या गोष्टींसाठी आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या लोकांनी वर्षानुवर्षं जोर लावलेला होता, आणि मंजूर झाली तेव्हा कॉलेजांच्या संघटनेच्या अध्यक्ष नाडकर्णी मॅडम होत्या. हे कमी नाही.

पण खुर्ची आणि आमचा हॉल यांच्यात जे अंतर आहे त्याचं काय?

ती व्याख्या आम्ही एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाला मराठीत करायला घेतली होती. वर्गात एकवीस जण, वाक्यं दोन-तीन, मला वाटलं अर्ध्या तासात उरकेल. चार दिवस लागले. 'लिबरेशन'ला कोणीतरी मुक्ती म्हणालं, तर मागच्या बाकावरची एक पोरगी, आई-वडील दोघं ऊसतोडीला जातात, ती म्हणाली, "सर मुक्ती तर मेल्यावर मिळते." सगळे हसले. मग ती म्हणाली की आमच्यात सुटका म्हणतात, उचल फिटली की सुटका झाली. उचल म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. एका कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ती मिळते, बाईचं वेगळं खातं नसतंच. तर सुटका की मुक्ती यावर पूर्ण एक तास गेला, आणि तेवढ्यात उचल, मुकादम, कारखाना, बाईच्या नावचा हिशोब सगळं वर्गात येऊन बसलं. माझ्या इंग्रजी नोट्समधून ते कधीच आलं नव्हतं.

त्याहून जास्त गंमत 'सोशल कोहेजन'ची. मी म्हटलं, लिहा सामाजिक एकोपा. एक मुलगा उठला, शांत पोरगा, फारसा बोलत नाही. म्हणाला, "सर, आमच्या गावात एकोपा आहेच. आमची वस्ती वेगळी, स्मशान वेगळं, पण भांडण नाही कुणाचं. मग समाजकार्य झालं का तिथे?" मला पटकन उत्तर सुचलं नाही, खरं सांगतो. मग आम्ही व्याख्येसोबतचं स्पष्टीकरण उघडलं. त्यात चक्क लिहिलंय की समाजाच्या स्थैर्याशी आमची बांधिलकी आहे, पण ते स्थैर्य कुठल्या गटाला बाजूला टाकायला, वगळायला किंवा दाबायला वापरलं जात नसेल तोवरच. म्हणजे त्या पोराचा प्रश्न मेलबर्नमध्येही कुणाला तरी पडला होता! एवढं चांगलं वाक्य, आणि आमच्याकडे परीक्षेला येतं काय तर व्याख्या लिहा, गुण पाच. ते खालचं वाक्य कुणी वाचत नाही कारण ते इंग्रजीत आणि बारीक टायपात असतं.

आता मूळ दुखणं सांगतो. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विद्यापीठातून दोन विद्यार्थी आमच्या भागात तीन आठवड्यांसाठी आले होते, एक्स्चेंज प्रोग्राम नावाखाली. एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल, पण आमच्याकडून कोणी तिकडे गेलं नाही, कारण तिकीट, व्हिसा, विमा हे ज्याचं त्याने बघायचं होतं. ते दोघं चांगले होते, भाकरी खायचे, तक्रार नव्हती. त्यांचा विषय ऊसतोड बायकांचं आरोग्य. 2019 ला बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनची प्रकरणं देशभर गाजली होती, त्यानंतर बाहेरून बरेच जण येऊन गेले, त्यातलेच हे.

दुभाषी म्हणून आमची एक विद्यार्थिनी दिली. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण ती त्याच तांड्यावरची. पहिल्याच घरी एक बाई म्हणाली, माझी पिशवी काढली. पोरीने शब्दाला शब्द सांगितला, शी रिमूव्ह्ड हर बॅग. तो परदेशी मुलगा वहीत लिहितो आणि विचारतो, व्हिच बॅग? ती क्षणभर थांबली. मी शेजारी उभा होतो. मग तिने स्वतःच्या पोटाकडे हात नेला आणि आपल्या भाषेत जे काही सांगितलं ते मला जसंच्या तसं लिहिता येणार नाही, पण तिने त्याला सगळं सांगितलं, की पाळी आली की काम बुडतं, खाडा पडला की दंड लागतो, पोटात दुखायला लागलं की दवाखान्यात कॅन्सरची भीती घालतात, मग बाई म्हणते काढून टाका एकदाची. आणि की आमच्याकडे गर्भाशय हा शब्द कोणी म्हणत नाही, पिशवीच म्हणतात, जशी काही बाजारातून आणलेली. तिची मावशी तशीच होती, पस्तिशीच्या आत पिशवी गेलेली. त्या तीन आठवड्यांत तिने असे शंभर शब्द उलगडून दिले. कुठला प्रश्न सासूसमोर विचारायचा नाही, कुठल्या घरी मुकादमाचा माणूस बसलेला असतो म्हणून तिथे संध्याकाळी जायचं, हेही तिनेच ठरवलं. म्हणजे अभ्यासाची अर्धी आखणी तिची.

रिपोर्ट आला सात-आठ महिन्यांनी, पीडीएफ. तिचं नाव शोधलं. शेवटी आभारात एक ओळ होती, स्थानिक दुभाष्यांचे आभार. नाव नाही. तिने बघितलं आणि म्हणाली, "असू द्या सर, चहा तरी पाजला त्यांनी." मी पुढे एक मेल केला, उत्तर खूप नम्र आलं, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती निघाली नाही.

आणि दोष फक्त त्यांच्यावर ढकलून मी मोकळा होणार नाही, कारण त्या प्रोग्रामच्या कागदावर कॉलेजकडून सही माझी होती. मी आधीच विचारायला हवं होतं की लेखक कोण, नाव कोणाचं. मला सुचलंच नाही. परदेशी विद्यापीठाचं नाव कॉलेजच्या फाइलीला लागतंय, कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकला दाखवायला होईल, एवढंच डोक्यात होतं.

हे वरून खाली झिरपत आलेलं आहे आणि फार जुनं आहे. आपल्या देशातली समाजकार्याची पहिली व्यावसायिक शाळा 1936 ला मुंबईत नागपाड्यात सुरू झाली, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल, तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट. सुरू करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट, अमेरिकन माणूस, ज्या मिशनतर्फे आला त्याचं नाव अमेरिकन मराठी मिशन. नावात मराठी! नागपाड्यात त्यांनी वस्तीत राहून काम करायचं केंद्र काढलं होतं, अमेरिकेत शिकागोला जेन अॅडम्स बाईंनी 1889 ला हल हाऊस काढलं त्याच धाटणीचं. वाईट काही नव्हतं त्यात, गिरणगावच्या शेजारची वस्ती, गरज होतीच. पण शिकवायची रीत तिकडून आली, शब्द तिकडून आले, एकेका माणसासोबतचं केसवर्क, गटासोबतचं ग्रुपवर्क, वस्तीसोबतचं कम्युनिटी ऑर्गनायझेशन, आणि नव्वद वर्षं होत आली तरी आमची पोरं आयसी (शिक्षकाशी एकट्याची चर्चा), जीसी (गटाची चर्चा), ब्लॉक प्लेसमेंट (एखाद्या संस्थेत सलग काही आठवडे काम), रेकॉर्डिंग (केलेल्या कामाची नोंद) हेच बोलतात. मीही बोलतो, जीभ तशीच वळलीय.

आता आमच्या अभ्यासक्रमात बघा. एक युनिट असतं समाजसुधारकांचं, त्यात जोतिबा, सावित्रीबाई, शाहू महाराज, बाबासाहेब, गाडगेबाबा. दुसरं युनिट असतं समाजकार्य व्यवसायाचा इतिहास, त्यात इंग्लंडचे गरिबांचे कायदे, अमेरिकेतली धर्मादाय मंडळं, केसवर्कची रीत लिहून काढणाऱ्या अमेरिकेच्या मेरी रिचमंड. म्हणजे 1863 ला पुण्यात विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडणारी माणसं सुधारक, आणि तेच काम तिकडे पगारी झालं की तो व्यवसाय. सावित्रीबाई 1897 ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या, पण फील्डवर्कच्या धड्यात त्या येत नाहीत, जयंतीला येतात. मी हे एकदा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत बोललो तर एक ज्येष्ठ म्हणाले की सर भावनिक होऊ नका. मी भावनिक नव्हतो, मी ही दोन युनिटं एकत्र करा म्हणत होतो.

अभ्यास मंडळाचा विषय निघालाच आहे तर बोलतो, कारण माझ्या मते नेतृत्व नावाची गोष्ट तिथे बसलेली असते, वेबिनारमध्ये नसते. 2020 ला समाजकार्य शिक्षणाची जागतिक मानकं नव्याने आली. त्यात शिक्षक आणि विद्यार्थ्यांबरोबर तिसरा घटक धरलाय तो म्हणजे ज्यांच्यासाठी आपण काम करतो ते लोक. त्यांची मतं अभ्यासक्रम तयार करण्यात यायला हवीत असं त्यात आहे. मी ज्या बैठकांना बसलो तिथे प्राध्यापक होते, प्राचार्य होते, एखाद्या संस्थेचे पदाधिकारी होते. ऊसतोड बाई कधी नव्हती. आशा ताई नव्हती. एकदाही नाही. आम्ही वंचितांच्या सहभागावर ठराव करतो, कोरम पूर्ण असतो, टीए-डीएचे फॉर्म भरतो आणि घरी येतो.

एक सहकारी मला म्हणाले, रडगाणं बंद करा आणि पोरांना इंग्रजी शिकवा. बरोबर आहे त्यांचं. आम्ही शिकवतो, शनिवारी दोन तास, फुकट. इंग्रजी यायलाच पाहिजे, बाबासाहेब कोलंबियात मराठीत शिकले नव्हते. पण इंग्रजी शिकेपर्यंत चार वर्षं त्या पोरीने तोंड मिटून बसायचं का, आणि तिला जे माहितीय ते शिकायला पलीकडच्या बाजूने कोणी एक शनिवार दिला का कधी? पिशवी हा एक शब्द खऱ्या अर्थाने समजायला त्या परदेशी मुलाला तीन दिवस लागले, आणि समजला तेव्हा तो खरंच हादरला होता, चहाचा कप हातात तसाच. त्यालाही कुणी आधी सांगितलं नव्हतं की तू शिकायला चाललायस.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. परदेशी विद्यापीठाशी करार करताना पहिल्या पानावर लिहा की दुभाषी म्हणून काम करणारा विद्यार्थी सहलेखक असेल आणि त्याला मानधन मिळेल. आमच्याकडून एक जण जाणार असेल तरच तिकडून दोन येतील, नाहीतर त्याला एक्स्चेंज म्हणू नका, सहल म्हणा. वेबिनार घेणाऱ्यांनी चॅटमध्ये मराठी, कन्नड, गोंडी काय येईल ते येऊ द्यावं, वाचायला एक माणूस बसवावा, आमच्याकडे अशी माणसं ढिगाने आहेत आणि बेकार आहेत. अभ्यास मंडळात दोन जागा अशा लोकांना द्या ज्यांच्या दारात आमची पोरं फील्डवर्कला जातात, आणि त्यांचा त्या दिवसाचा रोज भरून द्या, कारण बैठकीला आलं की खाडा पडतो.

आणि एक विनंती खास तुम्हाला. आमच्या वर्गाने केलेलं त्या जागतिक व्याख्येचं मराठी रूप सोबत जोडलंय. भाषा थोडी खडबडीत आहे, मी मुद्दाम सारखी केली नाही. खाली एकवीस जणांची नावं आहेत. जागा असेल तर छापा. जागा कमी पडली तर माझं पत्र कुठूनही कापा, शिकागोचा भाग उडवला तरी चालेल, पण ती नावं कापू नका.

आपला,
एक समाजकार्य शिक्षक, जि. बीड

ता. क. 'लिबरेशन'साठी शेवटी 'सुटका' ठेवलंय. सात जणांचा अजून विरोध आहे, त्यांनी आपल्या नावापुढे फुली मारलीय, तीही तशीच छापावी.